‘सध्या’ या शब्दाचे वजन

अमळनेरमध्ये शेअर हा घराघरांतला विषय आहे. 1945 साली येथे वनस्पती तुपाचा कारखाना काढणारी वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स ही कंपनी पुढे विप्रो झाली, आणि ज्या कुटुंबांनी तिचे शेअर न विकता पेटीत जपून ठेवले त्यांना बोनस शेअर मिळत गेले. म्हणूनच गेल्या आठवड्यात पारोळ्याहून भाच्याचा फोन आला तेव्हा मी अस्वस्थ झालो. “मामा, दोन मोठ्या टेक कंपन्यांची हातमिळवणी होणार म्हणताहेत. कापसाचे पैसे आलेत, घेऊन टाकू का?” कोण म्हणते, असे विचारल्यावर त्याने व्हॉट्सॲप ग्रुपचे नाव सांगितले. पेटीतल्या त्या शेअरमागे लोकांनी डोळ्यांनी पाहिलेला, गावातलाच कारखाना होता. भाचा घेऊ पाहत होता त्या शेअरमागे फक्त ‘म्हणताहेत’ होते.

मी त्याला 2020 सालची हकीकत सांगितली. एप्रिलमध्ये फेसबुकने जिओ प्लॅटफॉर्म्समधील 9.99 टक्के हिस्सा 43,574 कोटी रुपयांना घेत असल्याचे जाहीर केले, तेव्हापासून आता पुढची परदेशी कंपनी कोणाकडे येणार याचेच आडाखे बाजार बांधत होता. मे अखेरीस फायनान्शियल टाइम्सने बातमी दिली की गूगल व्होडाफोन आयडियामध्ये सुमारे पाच टक्के हिस्सा घेण्याचा विचार करत आहे. दुसऱ्या दिवशी तो शेअर उसळला, आणि कंपनीने शेअर बाजाराला कळवले की असा कोणताही प्रस्ताव सध्या संचालक मंडळापुढे नाही. जुलैमध्ये गूगलने 33,737 कोटी रुपये गुंतवण्याचे जाहीर केले खरे, पण जिओमध्ये.

‘सध्या’ या शब्दावर मी मुद्दाम थांबलो. कंपनी आजपुरते आणि संचालक मंडळापुरतेच सांगते, आणि कायद्याच्या दृष्टीने तिचे काही चुकत नाही. पण ज्याने चढ्या भावात शेअर घेतलेला असतो तो त्याच शब्दात ‘म्हणजे उद्या होईल’ असे वाचतो आणि शेअर धरून बसतो.

आता शेअर बाजाराची नियामक संस्था असलेल्या सेबीच्या नियमामुळे थोडा आधार आहे. माध्यमांत आलेल्या अफवेमुळे भावात लक्षणीय हालचाल झाली तर मोठ्या सूचिबद्ध कंपन्यांना 24 तासांत ती बातमी मान्य करावी लागते, नाकारावी लागते किंवा तिचा खुलासा करावा लागतो. हा नियम जून 2024 पासून बाजारमूल्यानुसार पहिल्या 100 आणि डिसेंबर 2024 पासून पहिल्या 250 कंपन्यांना लागू झाला. छोट्या कंपन्या त्याच्या बाहेर राहिल्या, आणि माझ्या मते ग्रुपवरच्या अफवांना सर्वाधिक बळी पडतात ते त्यांचेच भागधारक.

भाच्याने वापरलेला ‘हातमिळवणी’ हा शब्दही सैल आहे. हिस्सा विकत घेणे म्हणजे ठरलेल्या भावाने पैसा येणे. सामंजस्य करारात बहुतेक वेळा नुसता इरादा असतो. म्हणून भाच्याला मी शेअर बाजाराच्या संकेतस्थळावरून कंपनीचे निवेदन काढून पाठवायला सांगितले. ते त्याच संध्याकाळी आले. त्यात सामंजस्य कराराचा उल्लेख होता, पण रक्कम, हिस्सा आणि मुदत यांपैकी एकही गोष्ट नव्हती. कापसाचे पैसे त्याने अजून बँकेतच ठेवले आहेत.