तुम्ही विचारलंत म्हणून: बायबल शिकायला कॉलेज कशाला?

"बायबल घरात आहे, मराठीत आहे, रोज वाचता येतं. मग ते शिकायला कॉलेजात जायचं आणि वर डिग्रीही घ्यायची, हे कशासाठी?"

मी बायबल कॉलेजात शिकले आणि आता मिरजेत रविवारच्या शाळेच्या शिक्षकांना शिकवते, असं कळलं की हा प्रश्न येतोच. शेजारच्या काकू विचारतात, मंडळीतले, म्हणजे आमच्या चर्चमधले, पंच विचारतात. बारावी झालेल्या मुलाला कुठं घालावं या विचारात असलेले बाप तर हमखास विचारतात. काकूंना नुसतं कुतूहल असतं. पंचांना धास्ती असते की जास्त शिकलं की माणसाचा विश्वास पातळ होतो. बापाला पगार विचारायचा असतो, पण तो ते सगळ्यात शेवटी विचारतो.

काकूंचं समाधान लवकर होतं. त्यांच्या घरात वारी आहे, ज्ञानेश्वरी आहे. ज्ञानेश्वरीही घरी वाचता येतेच. तरी जोगमहाराजांनी १९१७ साली आळंदीत वारकरी शिक्षण संस्था काढली आणि कीर्तनकार व्हायला मुलं तिथं चार वर्षं शिकतात. एवढं म्हटलं की काकू "हां, मग बरोबर" म्हणून चहा टाकायला उठतात.

पंच एवढ्यावर ऐकत नाहीत. त्यांचा हुकमी एक्का म्हणजे येशूचा शिष्य पेत्र. तो तर कोळी, कुठल्या कॉलेजात गेला होता? बायबलमधल्या 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकात पेत्र आणि योहान अशिक्षित म्हणून लिहिलंच आहे. खरं आहे. पण प्रेषित पौल गमलिएल नावाच्या शास्त्र्याच्या पायाशी बसून शिकला, हेही त्याच पुस्तकात आहे. शिवाय त्यातला अठरावा अध्याय मला फार आवडतो. अपुल्लोस नावाचा नाणावलेला वक्ता इफिसच्या सभास्थानात धडाक्यानं बोलत असतो. शास्त्र त्याला तोंडपाठ, तरी काही गोष्टी अर्ध्याच ठाऊक. प्रिस्किल्ला आणि अक्विला हे तंबू शिवणारं जोडपं त्याला आपल्याकडे घेऊन जातं आणि राहिलेलं नीट समजावून देतं. भर सभेत उठून चूक काढली नाही त्यांनी. आणि तिथं बायकोचं नाव नवऱ्याच्या आधी आलंय, हे मी पंचांना न विसरता दाखवते.

मग रमाबाई निघतात. पंडिता रमाबाईंकडे कुठं बायबलची पदवी होती? नव्हती. पण मूळ भाषांवरून अख्खं बायबल मराठीत आणायचं म्हणून त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या, आयुष्याची शेवटची वर्षं त्या कामात घातली. १९२२ साली त्या गेल्या आणि १९२४ साली ते बायबल प्रसिद्ध झालं. मंडळीत कुणी घरी बसून एवढा अभ्यास करत असेल तर त्यानं कॉलेजला जाऊ नये. मीच त्याच्याकडे शिकायला जाईन.

राहिलं ते खरं उत्तर. वचनं पाठ असण्यात आमच्या मंडळीतल्या आज्या कुठल्याही पदवीधराला हरवतील. कॉलेजात हाडात भिनते ती एक सवय: समोरचं वाक्य कोण बोलतंय, कुणाशी आणि कुठल्या प्रसंगी, हे आधी बघायचं.

बायबलमधल्या ईयोबाच्या पुस्तकातलं ८:७, म्हणजे आठव्या अध्यायातली सातवी ओवी, घ्या. सुरुवात छोटी असली तरी शेवट मोठा होईल, अशा अर्थाचं. वचनाच्या कॅलेंडरांवर ते असतं, दुकानाच्या उद्घाटनाला, नव्या घराच्या प्रार्थनेला वाचलं जातं. मोठं गोड वचन. पण बोलतोय कोण? बिल्दद. ईयोबाची मुलं एका झटक्यात मेलीत, तो अंगभर फोडांनी सडतोय, आणि हा मित्र त्याला सुनावतोय की तुझ्या पोरांनी पाप केलं असेल, त्याचं फळ त्यांना मिळालं. तू निर्मळ असशील तर देव तुझं भलं करील. त्या भल्याचा तपशील म्हणजे ही सातवी ओवी. बेचाळिसाव्या अध्यायात देव या मित्रांवर रागावतो, की तुम्ही माझ्याविषयी नीट बोलला नाहीत. म्हणजे देवानं ज्याला झापलं त्याचं बोलणं आपण देवाचं अभिवचन म्हणून भिंतीला टांगतो.

कुणी म्हणेल, काढला ना पंडितांनी कीस. मिरजेत राहणाऱ्याला तो कीस वाटणार नाही. हे दवाखान्यांचं गाव. विल्यम वानलेस यांचं मिशन हॉस्पिटल १८९४ साली इथं उभं राहिलं, आणि आज सीमेपलीकडच्या कर्नाटकातूनही पेशंट मिरजेला येतात. इथल्या पाळकाचा, म्हणजे पाद्र्याचा, बराचसा आठवडा वॉर्डात जातो. पाळकांच्या मागोमाग हौशी प्रचारकही येतात, आणि त्यांच्यातले काही अगदी बिल्ददाच्या चालीवर बोलताना मी ऐकलेत. कॅन्सरच्या बाईला म्हणायचं, बाई, विश्वास कमी पडतोय, काहीतरी पाप लपवलंय, कबूल करा म्हणजे उठाल. प्रार्थना करून ते जातात; रात्रभर रडणारी बाई नवऱ्याच्या वाट्याला येते. ज्यानं एक सत्र ईयोब नीट अभ्यासलाय त्याच्या तोंडून हे निघणं अवघड. अशक्य म्हणत नाही मी, पदवीधर बिल्ददही पाहिलेत. त्या मित्रांनी एक गोष्ट मात्र बरोबर केली होती. आल्यावर ते सात दिवस, सात रात्री ईयोबाजवळ जमिनीवर बसले आणि अवाक्षर बोलले नाहीत. दवाखान्यात पाठवताना आमचे सर तेवढंच सांगायचे: आधी स्टूल ओढून बसा, पुस्तक नंतर उघडा.

यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकातल्या २९:११ चंही तेच. भविष्य उज्ज्वल म्हणून दहावी-बारावीच्या पोरांना ते वाचून दाखवतात. मुळात ते बाबेलला (बॅबिलोनला) धरून नेलेल्या लोकांना लिहिलेलं पत्र आहे आणि वरच्याच ओवीत सत्तर वर्षं कळ काढायला सांगितलंय. एक्याण्णवावं स्तोत्र तर सैतानालाही पाठ होतं. मत्तयाच्या चौथ्या अध्यायात तो येशूला तेच ऐकवतो.

बाकी अभ्यासक्रमाचं थोडक्यात. बारावीनंतर बी.टीएच. (बॅचलर ऑफ थिऑलॉजी), पदवीनंतर बी.डी. (बॅचलर ऑफ डिव्हिनिटी). जुना करार, नवा करार, ईश्वरविज्ञान, मंडळीचा इतिहास, इतर धर्मांची ओळख, समुपदेशन, उपदेश कसा करावा. ग्रीक आलं की प्रत्येक उपदेशात दोन ग्रीक शब्द फेकायची हुक्की येते. ती गोवरासारखी, अंगावर उमटते आणि जाते. पुष्कळ कॉलेजांच्या पदव्या श्रीरामपूरच्या सिनेटच्या, म्हणजे तिथल्या पदव्या देणाऱ्या मंडळाच्या, असतात. हे आपलं नगर जिल्ह्यातलं श्रीरामपूर नव्हे, बंगालमधलं, हुगळीकाठचं. विल्यम केरी आणि त्यांच्या सोबत्यांनी १८१८ साली तिथं कॉलेज काढलं, तेव्हा ते गाव डेन्मार्कच्या ताब्यात होतं. त्यामुळे पदव्या देण्याची सनद १८२७ साली डेन्मार्कच्या राजाकडून मिळाली. याच केरींनी १८०५ साली मराठीचं व्याकरण छापलं होतं.

माझी तक्रार आहे ती पुढची. हे शिक्षण बहुतेक इंग्रजीतून होतं. शिकून आलेला पोरगा जतकडच्या एखाद्या छोट्या मंडळीत उभा राहतो आणि वहीतल्या नोट्स मराठी करून वाचतो. उपासना सुटल्यावर एक मावशी मला म्हणाल्या, "काही कळलं नाही बाई, पण पोरगं हुशार आहे." आता या भागात ख्रिस्ती कवी ना. वा. टिळक होऊन गेले. आळंदीची संस्था निघाली त्याच १९१७ साली त्यांनी सातारला 'देवाचा दरबार' हा ख्रिस्तभक्तांचा मेळा सुरू केला. अभंगाच्या चालीवर ख्रिस्त सांगणारा हा माणूस. नगरला कृष्णराव सांगळे ख्रिस्ती कीर्तन करायचे. तरी कीर्तन उभं कसं करावं हे मला कॉलेजात कुणी शिकवलं नाही. हिब्रूइतकं महत्त्व त्याला द्यायला हवं होतं, असं माझं ठाम मत आहे. प्राचार्यांना मी ते लिहून कळवलंही होतं. उत्तर इंग्रजीत आलं.

आता बापांसाठी. बारावी झाली की लगेच पाठवू नका. मुलाला आधी साधी पदवी घेऊ द्या, बी.डी.ला ती लागतेच. त्या काळात त्याला रविवारच्या शाळेत सगळ्यात धाकट्या पोरांचा वर्ग द्या. टिकला तर बघू. प्रवेशाला मंडळीचं शिफारसपत्र मागतात. ते आपले पंच डोळे मिटून सही करून देतात. मला विचाराल तर त्या धाकट्या पोरांच्या आयांना विचारल्याशिवाय सही होऊ नये. नोकरी सोडता येत नाही, कॉलेजात राहता येत नाही, अशांसाठी घरबसल्या करायचे ख्रिस्ती अभ्यासाचे कोर्सही श्रीरामपूर चालवतं. आमच्याकडे बँकेतून रिटायर झालेले एक काका ते करताहेत, आणि पाळकसाहेब सध्या उपदेशाची तयारी जरा जास्तच करतात.

आणि पगार. सरकारी नोकरीत ही पदवी चालेल असं धरून बसू नका. पाळकाचं घर मंडळीच्या वर्गणीवर चालतं आणि वर्गणी पावसावर. आकडा हवा असेल तर पाळकांना विचारू नका, ते "प्रभू पुरवतो" म्हणतील. पाळकीणबाईंना विचारा.