काळे केस सोनेरी करायचेत? आधी मेंदीचं पाकीट वाचा

बाजारातून ब्लीच पावडर आणि डेव्हलपर (पावडर कालवायचं पेरॉक्साइडचं द्रावण) आणला की रविवारी दुपारपर्यंत केस सोनेरी, असं वाटतं खरं. पण आपल्याकडच्या केसांत आधीच बरंच काही मुरलेलं असतं, आणि घरी केस बिघडतात ते बहुतेक त्याच्यामुळेच.

पहिली मेंदी. नुसत्या पानांच्या मेंदीने केस जळत नाहीत, फक्त तिचा तांबूस रंग चिवट असतो आणि केस नारंगीवरच अडतात. त्यात नीळ मिसळली असेल तर हिरवट छटाही उमटू शकते. खरा धोका काळ्या मेंदीचा आणि केस काळे करायच्या सुट्या पावडरींचा. काहींत धातूंचे क्षार असतात. पेरॉक्साइड लागलं की ते तापतात, वाफा निघतात, केस तुटून हातात येतात. पाकिटावर घटक छापलेले नसतील तर ती लागलेली लांबी ब्लीच करूच नका, वाढून कापली जाऊ द्या. स्मूदनिंग, रिबॉन्डिंग केलेल्या केसांनाही हेच.

दुसरं पाणी. गावाकडे बऱ्याच घरांत अजून तांब्याचा बंब पेटतो. त्या पाण्यातलं सूक्ष्म तांबं केसांत बसतं, ब्लीच लावल्यावर पेरॉक्साइडला भडकवतं, आणि सोनेरी केसांवर हिरवट झाक आणतं. बोअरच्या जड पाण्यातले क्षारही असेच साठतात. दोन आठवडे डोक्यावरून नळाचं, स्टीलच्या पातेल्यात तापवलेलं पाणी घ्या. ईडीटीए (धातूंना धरून काढणारं रसायन) असलेल्या शाम्पूने एकदा धुतलेत तर उत्तमच.

मग चाचणी, ती टाळायची नाही. मानेजवळची बारीक बट कापा, दोऱ्याने बांधा, पावडर-डेव्हलपरच्या चमचाभर मिश्रणात अर्धा तास ठेवा. वाटी तापू लागली तर बेत रद्द. नाहीतर धुऊन ओलीच ताणा. थोडी लांबून परत आली तर केसांत जीव आहे. ओल्या शेवयीसारखी लांबतच गेली तर नाही. थोडं मिश्रण कानामागे लावून, धुऊन, खाज किंवा पुरळ येतं का हे 48 तास पाहा.

प्रमाण साधारण एकास दोन: 30 ग्रॅम पावडर, 60 मिली डेव्हलपर, घट्ट दह्यासारखं. तुमच्या पाकिटावर वेगळं लिहिलं असेल तर ते पाळा. डेव्हलपर 20 व्हॉल्यूम, म्हणजे 6 टक्के पेरॉक्साइड. 40 व्हॉल्यूम म्हणजे 12 टक्के. ते घरी टाळूला लावू नका, भाजतं. वाडगा प्लॅस्टिकचा, हातमोजे हवेतच. खांद्याखाली येणाऱ्या दाट केसांना 100 ग्रॅम पावडर सहज लागते, पण थोडी थोडी कालवा. खिडक्या उघड्या, पंखा मात्र बंद: लेप वाळला की काम थांबतं. दमा असलेल्यांनी या वासापासून लांबच राहावं. आणि उरलेलं मिश्रण झाकण लावून ठेवू नका, आत वायू साठून डबा फुटतो.

डोकं दोन दिवस धुतलेलं नको, टाळूवर खरचटलेलं नको. केसांचे चार भाग करा, मागून मानेपासून सुरुवात करा. बट इतकी पातळ घ्या की पलीकडचं बोट दिसेल. जाड बटा घेतल्या की ठिपके राहतात. मुळाशी दोन सेंटीमीटर सोडून लांबीला लेप लावा. टाळूच्या उबेने मुळं लवकर उतरतात. आधीच लावलीत तर मुळं पिवळी आणि शेंडे नारंगी. लांबी नारंगीकडे झुकली की मुळांना ताजं मिश्रण. पाकिटावरच्या वेळेपेक्षा मिनिटभरही जास्त नको, ड्रायरची ऊब तर नकोच.

काळा, तांबूस तपकिरी, तांबडा, नारंगी, मग पिवळा: रंग असाच उतरतो. पहिल्या बैठकीत आपले केस बहुधा नारंगीवर थांबतात. घाबरून त्याच संध्याकाळी दुसरा थर लावतात आणि केस तिथेच संपतात. किमान दोन-तीन आठवडे जाऊ द्या. केळ्याच्या सालीच्या आतल्या बाजूइतका फिका रंग घरी गाठायच्या मागे लागूच नका, असं माझं स्पष्ट मत आहे. मधासारखा सोनेरी आपल्या वर्णाला शोभतो आणि केसही शाबूत राहतात.

टोनर, म्हणजे उतरलेल्या केसांची नको ती छटा मारणारा रंग, 10 व्हॉल्यूमच्या डेव्हलपरसोबत, टॉवेलने टिपलेल्या ओलसर केसांवर. नारंगीला निळ्या छटेचा, पिवळ्याला जांभळ्या. नारंगीवर जांभळा लावलात तर काहीच होत नाही, पैसे वाया. दर पाच मिनिटांनी एक बट पुसून पाहा.

पुढे धुण्याआधी खोबरेल तेल, आठवड्यातून एकदा जांभळा शाम्पू. रंगपंचमीला डोकं बांधूनच बाहेर पडा, सच्छिद्र झालेल्या केसांतला गुलाबी रंग महिनोन्महिने निघत नाही. दीड-दोन महिन्यांनी मुळं काळी दिसू लागली की ब्लीच फक्त तेवढ्याच नव्या वाढीला लावा. जुन्या सोनेरी भागावर लेप चढला तर केस नेमके त्या जोडावरच तुटतात.