पन्हळीत पडलेला कनेक्टर

गेल्या ऑक्टोबरात हर्णै बंदराजवळच्या एका बर्फाच्या कारखान्यातून मला फोन आला. छपरावरच्या १६ किलोवॉटच्या सौर संचाचा इन्व्हर्टर (पॅनेलची वीज घरच्या विजेसारखी करणारे यंत्र) रोज सकाळी आयसोलेशन फॉल्ट, म्हणजे वीज कुठेतरी जमिनीकडे झिरपत असल्याची सूचना, दाखवून बंद राहतो आणि दहा-साडेदहाला आपोआप सुरू होतो, अशी तक्रार होती. संच बसवणाऱ्यांनी इन्व्हर्टरच बदलायला सांगितले होते. मालकांना सगळे नाना म्हणतात. त्यांना त्या खर्चाची काळजी लागली होती. दव असेपर्यंत दोष आणि ऊन चढले की सारे ठीक, यावरून मला इन्व्हर्टरपेक्षा ओल शिरलेल्या एखाद्या जोडाचा संशय आला. दव वाळले की तो जोड सापडणे कठीण, म्हणून दापोलीहून पहाटेच निघालो.

संचात ३० पॅनेल, दहा-दहा पॅनेल एकामागोमाग जोडलेल्या तीन साखळ्या, म्हणजे स्ट्रिंग. इन्व्हर्टर आणि डीसी आयसोलेटर (पॅनेलकडून येणारी वीज तोडणारा स्विच) बंद करून मी प्रत्येक स्ट्रिंगची दोन्ही टोके अर्थिंगशी मोजली. दोन स्ट्रिंगमध्ये मीटरचा आकडा हळूहळू शून्याकडे उतरला, म्हणजे त्या निर्दोष होत्या. तिसरीत मात्र धन टोक ते अर्थ फक्त ३ व्होल्ट आणि ऋण टोक ते अर्थ ४५० च्या वर, आणि दोन्ही आकडे स्थिर. दोष स्ट्रिंगच्या मध्ये असता तर व्होल्टेज दोन्हीकडे वाटले गेले असते. इथे तो धन टोकाशीच होता.

छपरावर गेल्यावर शोधावे लागले नाही. इन्व्हर्टरकडे उतरणाऱ्या केबलचा कनेक्टर, केबल टाय तुटल्यामुळे, पत्र्याच्या पन्हळीत साचलेल्या पाण्यात पडला होता. त्याचे काळे प्लास्टिक एका बाजूला फुगून तपकिरी झाले होते. तो खोलायच्या किल्लीने सुटेना. तेव्हा तारेभोवती धरायच्या क्लॅम्प मीटरवर प्रवाह शून्य असल्याची खात्री करून, स्ट्रिंग आधी मधल्या चांगल्या जोडाशी सोडवून, मग हातमोजे घालून केबल कापली. नानांना हा विलंब कळेना. “एवढीशी वायर कापायला एवढा वेळ?” असे त्यांनी विचारले, तेव्हा मी सांगितले, “नाना, घरच्या विजेचा प्रवाह सेकंदात १०० वेळा शून्यावर येतो, म्हणून ठिणगी विझते. पॅनेलची वीज शून्यावर येतच नाही. चालू प्रवाहात हा जोड ओढला तर ज्वाळ धरून राहते.”

कापलेला तुकडा खाली टेबलावर उघडला. पिनेवरचा कथिलाचा मुलामा गेला होता, तांब्यावर हिरवट मिठाचा थर होता आणि केबल जरा ओढताच पिनेतून निसटली, कारण ती क्रिंपिंगच्या, म्हणजे पिन तारेवर दाबून घट्ट बसवायच्या, हत्याराऐवजी साध्या पक्कडीने चेपलेली होती. त्याहून वाईट म्हणजे दोन अर्धी वेगवेगळ्या कंपन्यांची होती. एमसी-फोर या सौर पॅनेलसाठी सर्रास वापरल्या जाणाऱ्या आकाराची बहुतेक कनेक्टर एकमेकांत टक आवाज करून बसतात आणि तिथेच फसगत होते. पिनेची जाडी, स्प्रिंगचा ताण, रबरी कड्याचे माप यांतला किंचित फरक बाहेरून दिसत नाही. म्हणून तर आयईसी ६२५४८ हे सौर संचांसाठीचे आंतरराष्ट्रीय मानक जोडाची दोन्ही अर्धी एकाच उत्पादकाची आणि एकाच प्रकारची असावीत, असे सांगते. चांगल्या जोडाचा रोध एक मिलिओहमच्याही आत असतो. तो अर्ध्या ओहमवर गेला की १० अँपिअर प्रवाहात अंगठ्याएवढ्या जागेत ५० वॉट उष्णता कोंडते. इथे आधी उष्णतेने प्लास्टिक वाकले असावे आणि मग खाऱ्या हवेतले दव आत शिरले असावे.

पॅनेलना कारखान्यातूनच लागून आलेले जोड उत्तम होते. घोळ होता तो जागेवर केलेल्या सहा जोडांत, आणि सहाही तसेच मिश्र निघाले. पॅनेलच्याच कंपनीची कनेक्टर मागवायला चार दिवस लागले. तोवर ती स्ट्रिंग मी बंद ठेवली, उरलेल्या दोन स्ट्रिंगचे मिश्र जोड थंड असल्याचे रोज दुपारी तापमापकाने पाहायला नानांच्या मुलाला शिकवले. नंतर सहाही जोड नीट क्रिंप करून, मागचे नट पान्याने आवळून, पत्र्यापासून वीतभर वर पॅनेलच्या चौकटीखाली बांधले. दुसऱ्या दिवशी भरपूर दव होते. सातच्या आधीच नानांचा फोन आला: इन्व्हर्टर सुरू झाला होता.