ताओ पो!

फिलिपिन्समधल्या खेड्यांत घराला बेल क्वचितच असते. फाटकाबाहेर उभं राहून हाक द्यायची, "ताओ पो!" ताओ म्हणजे माणूस. पो हा आदराचा शब्द, थोरामोठ्यांशी बोलताना वाक्यावाक्यात पेरायचा. माणूस आलाय हो दारात, एवढाच त्या हाकेचा अर्थ. धर्मप्रचारक म्हणून तिथे काढलेल्या दोन वर्षांत मी ती किती वेळा दिली याचा हिशेब नाही, पण पहिली लख्ख आठवते.

ऑक्टोबर २०१७. लुझॉन बेटावरचा न्युएवा एसिहा प्रांत, भाताचा मुलूख. समोर सारी-सारी, म्हणजे घराच्याच खिडकीला जाळी लावून चालवलेलं किराण्याचं दुकान. वर शांपूच्या पुड्यांच्या माळा. मी पांढरा शर्ट, टाय, छातीवर काळी नावपट्टी, शेजारी माझा कंपॅनियन, म्हणजे प्रचाराच्या कामातला जोडीदार, सेबू बेटावरचा. मी हाक दिली. जाळीमागच्या बाईने मला पाहिलं आणि ती आत पडद्याआड गेली. जरा वेळाने सात-आठ वर्षांची मुलगी बाहेर आली आणि म्हणाली, "आई घरी नाही." पडद्याखालून आईचे पाय दिसत होते.

कंपॅनियनने मला चार घरं पुढे नेऊन समजावलं. तिकडे भारतीय माणसाला 'बुंबाय' म्हणतात, हा शब्द आपल्या बॉम्बेवरूनच आलेला. आणि बुंबाय म्हटलं की लोकांना आठवतो मोटरसायकलवरून फिरणारा सावकार, बहुतेक पंजाबी. पाच घेतले तर सहा परत द्यायचे, म्हणून त्या धंद्याचं नावच 'फाइव्ह-सिक्स'. रोजच्या रोज वसुली. हट्ट करणाऱ्या पोरांना आया सांगतात, गप्प बस, नाहीतर बुंबाय घेऊन जाईल. मी ख्रिस्ताची सुवार्ता घेऊन आलो होतो आणि त्या बाईला वाटलं होतं, हप्ता मागायला आलाय. त्या रात्री मी खूप रडलो. राग तिचा नव्हता. आपण इथे कशाला आलो, हा प्रश्न पहिल्यांदाच पोटात उतरला होता.

मी पुण्याचा. आमचं घराणं मूळ नगरकडचं, तीन पिढ्या प्रॉटेस्टंट. आई-बाबा माझ्या लहानपणी द चर्च ऑफ जीझस क्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स या मंडळीत आले. लोक मॉर्मन म्हणतात तीच. जोसेफ स्मिथ यांनी १८३० साली न्यूयॉर्क राज्यात तिची स्थापना केली. ही मंडळी आपल्याकडे कालपरवा आली असं मलाही वाटायचं, पण ह्यू फिंडले नावाचा त्यांचा मिशनरी १८५२ सालीच मुंबईत उतरला होता आणि पुढे पुण्यापर्यंत आला होता. आजीला ही मंडळी कधीच पटली नाही. "आपण आधीच ख्रिस्ती आहोत, मग परत हे काय?" आणि नातेवाईक एकच प्रश्न विचारायचे, चार बायका करता ना तुम्ही? बहुपत्नीत्व आमच्या मंडळीने १८९० मध्येच सोडलं, हे मी प्रत्येक लग्नकार्यात कुणाला ना कुणाला सांगितलेलं आहे.

आमच्यात मुलगे अठरा वर्षांचे झाले की दोन वर्षांच्या मिशनवर, म्हणजे धर्मप्रचाराच्या कामावर, जाऊ शकतात. मुली माझ्या वेळी एकोणिसाव्या वर्षापासून जायच्या, अठरा महिन्यांसाठी. पगार नाही, उलट खर्चाचा वाटा आपणच उचलायचा. मी बारावीनंतर एक वर्ष मोबाइलच्या दुकानात काम करून पैसे साठवले. मग मंडळीतल्या वडीलधाऱ्यांच्या मुलाखती, डॉक्टरचे कागद, दातांच्या डॉक्टरचे वेगळे कागद. दोन दाढा भरून घेतल्याशिवाय अर्ज पुढे गेला नाही. कुठे जायचं हे आपण ठरवत नाही, ते तेव्हा पत्रातून कळायचं. पाकीट आलं तेव्हा घरात सगळे जमले होते. फिलिपिन्स, भाषा टागालोग. बाबांनी भिंतीवरचा नकाशा काढून आजीच्या मांडीवर ठेवला. ती म्हणाली, "एवढ्या पाण्याच्या पलीकडे?" आणि उठून चहा टाकायला गेली. आम्हाला चहा वर्ज्य, तिला नाही. तिच्या घरात तो वाद कुणी काढायचा नाही असा अलिखित करार होता.

प्रशिक्षण मनिलाजवळ केझोन सिटीत झालं. सहा आठवडे, सकाळी साडेसहाला उठायचं, रात्री साडेदहाला दिवे बंद, मधला सगळा वेळ भाषा आणि वचन. टागालोगची क्रियापदं फार छळतात. कोण करतो यापेक्षा कशावर भर द्यायचा आहे यावर क्रियापदाचं रूप बदलतं, आणि उपसर्ग कधी शब्दाच्या पोटातच शिरतो. त्यात 'हिंदी' म्हणजे 'नाही', हे पचायला मला महिना लागला. पण एके दिवशी शिक्षकांनी फळ्यावर 'मुखा' लिहिलं. चेहरा. मग 'आसा', आशा. 'दुखा', गरीब. 'बालिता', बातमी, ते आपल्या वार्तेवरून आलेलं. शिक्षकाला 'गुरो'. शेकडो वर्षांपूर्वी आपले शब्द समुद्र ओलांडून इथे येऊन राहिलेत, आणि मी आत्ता येतोय. वर्गात मी एकटाच भारतीय होतो. त्या दिवशी मला तिथे पहिल्यांदा घरच्यासारखं वाटलं.

तोंडावर दार आपटणं हा या कामातला सर्वांत मोठा त्रास असेल अशी माझी समजूत होती. तिथे कुणी दार आपटलं नाही. लोक इतके सौजन्याचे की 'नको' म्हणतच नाहीत. "तुलोय पो कायो," या आत या. प्लास्टिकची खुर्ची पुसून देणार, उकाड्यात पंखा आपल्याकडे वळवणार, स्वतःच्या ताटात सुका मासा आणि भात एवढंच असलं तरी "काइन तायो", चला जेवू, म्हणणार. शेवग्याचा पाला घातलेलं कोंबडीचं पातळ सार मी तिथेच पहिल्यांदा खाल्लं. बहुतेक देश कॅथलिक, भिंतीवर सांतो निन्योची, बाळ येशूची मूर्ती. आमचं सगळं ऐकून घेणार, पुढच्या रविवारी उपासनेला नक्की येतो म्हणणार. आणि रविवारी सकाळी आम्ही दोघे सभागृहाच्या दारात रस्त्याकडे बघत उभे.

'बुकास' म्हणजे उद्या. हा शब्द ऐकून ऐकून माझ्या मनाला घट्टे पडले. त्यातून दर आठवड्याला आकडे द्यायचे असत, किती धडे, किती जण उपासनेला, किती जणांची बाप्तिस्म्याची तारीख ठरली. एका वरिष्ठाने एकदा सगळ्यांसमोर विचारलं, "तुमच्या रकान्यात शून्य का?" माझा विश्वास या मंडळीवर तेव्हाही होता, आजही आहे. पण माणसाचा रकाना करून त्यावर कुणाला ओरडणं चूक आहे, आणि ते तेव्हाच बोलायला हवं होतं. मी खाली मान घालून बसलो.

पण या सगळ्यापेक्षा अवघड जे होतं त्याबद्दल निघण्यापूर्वी मला कुणीच बोललं नव्हतं. मिशनवर माणूस एकटा कधीच नसतो. चोवीस तास कंपॅनियन सोबत, एकाच खोलीत झोपायचं, तो दिसेल-ऐकू येईल अशाच अंतरात राहायचं. सहा आठवड्यांनी ट्रान्सफर, जोड्या बदलतात किंवा नाहीत. माझा चौथा कंपॅनियन अमेरिकेतला, एकोणीस वर्षांचा. कामाला वाघ, टागालोग माझ्यापेक्षा सुरेख. तिसऱ्या आठवड्यापासून तो सकाळी उठेना. पोट दुखतं म्हणायचा. मग रात्री त्याचा पलंग हलायला लागला, तो उशीत तोंड खुपसून रडायचा. मी त्याला स्तोत्रं वाचून दाखवली, भात उकडून दिला, दोनदा चिडलोही. आज बाहेर पडलो नाही तर या आठवड्याचं काय सांगायचं, असं मी त्याला म्हणालो. ते वाक्य मला अजून टोचतं.

शेवटी आम्ही मिशन अध्यक्षांच्या पत्नीला फोन केला. त्यांनी तासभर त्याचं ऐकलं, डॉक्टरची व्यवस्था केली, आणि पुढच्या पंधरवड्यात तो घरी गेला. जाताना त्याला एकच भीती होती, गावातले लोक काय म्हणतील. वेळेआधी परतलेल्या मुलाकडे मंडळीत वेगळ्या नजरेने पाहिलं जातं, तिकडेही आणि इकडेही. त्याने बॅगेत काय काय भरलं ते मी पाहत होतो. न वापरलेल्या वह्या, एक छत्री, आणि ज्या कुटुंबाला आम्ही शिकवत होतो त्यांच्या पोरीने काढलेलं आम्हा दोघांचं चित्र. त्यात मला तिने तपकिरी रंगवलं होतं, त्याला रंगच दिला नव्हता, कागद तसाच ठेवला होता. ते चित्र तो विमानात हातातच धरून बसला होता, हे त्याने नंतर कळवलं. आजही आम्ही बोलतो. तो बरा आहे.

ज्यांच्याकडचं ते चित्र, त्या घरातला बाप ट्रायसिकल चालवायचा, मोटरसायकलला बाजूची गाडी जोडलेली तिथली रिक्षा. आम्ही जायचो तेव्हा बायको बोलायची, तो दाराशी बसून टायर-ट्यूब बघत असायचा. कॅथलिक प्रार्थना त्याला सगळ्या पाठ होत्या, पण स्वतःच्या शब्दांत देवाशी बोलायचं म्हणजे काय, हे त्याला कळत नव्हतं. मे महिन्यातल्या एका संध्याकाळी मी विचारलं, "कुया, आज तुम्ही कराल का?" कुया म्हणजे दादा. त्याने हात पुसले. डोळे मिटले. "आमा," एवढंच म्हणाला. बाप. आणि थांबला. मी मनातल्या मनात मोजायला लागलो आणि सोडून दिलं. बाहेरून एक जीपनी, तिथली प्रवासी गाडी, गेली, कोंबडा ओरडला. मग तो म्हणाला की मागचा टायर गुळगुळीत झालाय, पावसाळ्याआधी नवा घ्यायचाय. पोरीच्या शाळेचे पैसे भरायचेत. आणि हे समोर बसलेले दोन्ही पोरगे कुणाचे तरी आहेत, त्यांच्या आयांना झोप लागू दे.

मला पुढची प्रार्थना म्हणता आली नाही. माझ्या आईसाठी तो माणूस देवाशी बोलला होता.

त्याने बाप्तिस्मा घेतला नाही. बायको आणि मुलगी मंडळीत आल्या, तो रविवारी त्यांना ट्रायसिकलने सोडून बाहेरच थांबायचा. त्या वरिष्ठाच्या रकान्यात ती संध्याकाळ कुठेच बसली नसती. माझ्यासाठी ती दोन वर्षांतली सर्वांत मोठी गोष्ट आहे.

सप्टेंबर २०१८ मध्ये ओम्पोंग तुफान आलं. आम्ही दोन दिवस घरात, मेणबत्त्या आणि डबाबंद मासळीवर. नंतर टाय काढून, जुन्या पँटी घालून पंधरा दिवस लोकांची छपरं ठोकली, चिखल उपसला. त्या काळात कुणी मला बुंबाय म्हटलं नाही. त्या सारी-सारीवाल्या बाईच्या गावात आम्ही पत्रे वाहून नेले, तेव्हा तिने ओळखलं आणि सगळ्यांना मोठ्याने तो किस्सा ऐकवला. "मी याच्यापासून लपले होते!" तिने आम्हाला बर्फ घातलेलं कालामान्सीचं, तिथल्या छोट्या लिंबाचं, सरबत दिलं, पैसे घेतले नाहीत.

घरी बोलणं हा वेगळा विषय. सोमवारी मोकळा वेळ असायचा, तेव्हा कपडे धुवायचे, बाजार करायचा आणि पिसोनेटवर ईमेल लिहायची. एक पेसोचं नाणं टाकलं की कॉम्प्युटर काही मिनिटं चालतो, मग पडदा काळा. आईला लिहिलेलं अर्धं वाक्य त्या काळोखात किती वेळा गेलं. फोन वर्षातून दोनदाच, नाताळला आणि मदर्स डेला. मग फेब्रुवारी २०१९ मध्ये नियम बदलला, दर आठवड्याला घरी बोलायची परवानगी मिळाली. पहिल्याच व्हिडिओ कॉलवर आजी समोर होती. तिने धर्म, मंडळी, प्रचार काहीच काढलं नाही. "जेवलास का?" फिलिपिन्समध्येही माणूस भेटला की हेच विचारतात, "कुमाइन का ना?" मी तिला टागालोगमध्येच उत्तर देऊन बसलो. तिला ते कळलंही.

ऑगस्ट २०१९ मध्ये परतलो. घरी आल्यावर मंडळीचे अध्यक्ष भेटायला आले, त्यांनी मला मिशनमधून मुक्त केलं, आणि मी छातीवरची नावपट्टी काढून त्यांच्यासमोर टेबलावर ठेवली. शर्टावर तिच्या जागी दोन बारीक भोकं राहिली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी आजीने कोथिंबीर आणायला पाठवलं. पिशवी घेतली, चपला घातल्या, जिना उतरलो आणि गेटपाशी थांबलो. दोन-तीन मिनिटं तसाच उभा होतो. वॉचमनने विचारलं, "कुणाची वाट बघताय?" तेव्हा लक्षात आलं, मी कंपॅनियनची वाट बघत होतो.