बिळाच्या मापाची छाती

टेरियर म्हणजे बिळात शिरून शिकार करण्यासाठी वाढवलेली छोटी कुत्री. ती पाळायचा विचार करणारं कुणी सल्ला विचारायला आलं, की मी आधी त्यांना आमच्या गोटीला धरून बघायला सांगते. गोटी म्हणजे आमची जॅक रसेल जातीची टेरियर. तिच्या पुढच्या पायांच्या मागून छातीभोवती दोन्ही पंजे घालायचे. अंगठे पाठीवर एकमेकांना टेकतात, बोटं खाली छातीखाली जुळतात. इंग्लंडमध्ये जाणकार लोक या कुत्र्यांची छाती अशीच मोजतात. हे माप ठरवलं ते लाल कोल्ह्याच्या बिळानं. छाती त्याहून रुंद झाली तर कुत्रं जमिनीखाली अडकायचं.

ही जात ज्यांच्या नावानं ओळखली जाते ते जॉन रसेल इंग्लंडमधल्या डेव्हनचे धर्मगुरू. ऑक्सफर्डला शिकत असताना, 1819 मध्ये, त्यांनी एका दूधवाल्याकडून ट्रम्प नावाची पांढरी कुत्री विकत घेतली. या कुत्र्यांनी कोल्ह्याला मारणं रसेलना मुळीच नको होतं. आत शिरायचं, समोर ठाण मांडून भुंकायचं आणि त्याला बाहेर काढायचं, एवढंच काम. मातीनं माखलेलं कुत्रं आणि कोल्हा यांत गफलत होऊ नये म्हणून पांढरा रंग सोयीचा.

एकदा हे कळलं की प्रत्येक टेरियरचं अंग वेगळंच दिसायला लागतं. इंग्लंड-स्कॉटलंडच्या सीमेवरच्या डोंगरांतला बॉर्डर टेरियर घ्या. घोड्यामागे पळता यावं इतके लांब पाय, तरीही बिळात मावेल इतकं अरुंद अंग, आणि कातडी जाड नि सैल. ती चिमटीत धरून बघा, चांगली हातभर वर येते असं वाटतं. कोल्हा चावला तरी दात खोल जाऊ नयेत आणि अरुंद जागेत कुत्र्याला वळता यावं, म्हणून ती तशी. वेस्टीची, म्हणजे वेस्ट हायलँड व्हाइट टेरियरची, शेपटी बुंध्याशी जाड असते, कारण अडकलेल्या कुत्र्याला तिला धरून ओढून काढत. (घरच्या कुत्र्याची शेपटी कृपा करून ओढू नका.)

रिबीन बांधलेला यॉर्की (यॉर्कशायर टेरियर) या यादीत बसत नाही असं बऱ्याच जणांना वाटतं, पण तो तर गिरणी कामगारांचा कुत्रा. एकोणिसाव्या शतकात स्कॉटलंडचे विणकर पोटासाठी यॉर्कशायर आणि लँकशायरच्या गिरण्यांत आले, सोबत आपले टेरियर घेऊन. गिरण्यांत उंदीर बेसुमार. या जातीचा मूळपुरुष मानला जाणारा हडर्सफील्ड बेन 1865 मध्ये जन्मला आणि 1871 मध्ये गाडीखाली सापडून गेला. प्रदर्शनांत बक्षिसं मिळवणारा हा कुत्रा उंदीर मारण्यातही पटाईत होता. टेरियरची पद्धत ठरलेली: मानेला धरायचं, एक जोरदार झटका, टाकायचं, पुढचा. लंडनच्या दारूच्या गुत्त्यांत यावर पैजा लागत. ते मला अजिबात आवडत नाही. तिथे कुणाचं धान्य वाचत नव्हतं, फक्त पैसे फिरत होते.

2004 च्या कायद्यानं इंग्लंड आणि वेल्समध्ये कुत्र्यांकरवी होणारी कोल्ह्याची शिकार बंद केली, आणि ते योग्यच झालं. पण दोनशे वर्षं निवडून निवडून अंगात मुरवलेलं काम कायद्यानं जात नाही. टेरियरच्या भुंकण्याला कंटाळून लोक त्याला सोडून देतात तेव्हा माझा जीव तुटतो. बिळात गेलेलं कुत्रं वरच्या माणसाला दिसत नाही. त्याचा आवाज जमिनीतून कुठून येतोय ते कान लावून ऐकायचं आणि तिथेच फावडं चालवायचं, अशी रीत होती. गप्प बसणारं कुत्रं आतच राहायचं. म्हणजे न थांबता भुंकणारी कुत्रीच माणसांनी मुद्दाम वाढवली.

गोटीचा चेंडू सोफ्याखाली गेला की ती नाक फटीला लावते, मागचं अंग वर, शेपटी ताठ, आणि एकाच सुरात भुंकत राहते. मधेच मान वळवून माझ्याकडे बघते, परत नाक फटीला. तिला 'गप्प' म्हणणं मी सोडून दिलंय. उलट पुठ्ठ्याचे खोके जोडून बोगदा करते, शेवटच्या खोक्यात जुन्या चिंध्यांखाली तिचं खेळणं पुरते. खणायला अंगणात वाळूचा एक कोपराही तिच्यासाठी ठेवलाय. आतून भुंकणं सुरू झालं, की मी जाऊन बरोबर त्याच जागी पुठ्ठा फाडते. लगेच आवाज थांबतो आणि खेळणं तोंडात धरून ती बाहेर येते.