दोन पेन्शनी आणि माझे एक वाक्य

सातारा जिल्ह्यातील माजी सैनिकांची कागदपत्रे पाहण्याचे काम मी बरीच वर्षे करीत आहे. मी स्वतः सैन्यात कारकून होतो, त्यामुळे निवृत्तीवेतनाचा कागद हाती आला की त्यातले सगळे आपल्याला कळते, असा माझा समज होता. २०१९ च्या पावसाळ्यात पाटण तालुक्यातील एक मेजर माझ्यासमोर येऊन बसले आणि तो समज संपला. हुद्द्याने ते नाईक. परंतु आमच्याकडे सैन्यातून परतलेला प्रत्येक जण मेजरच असतो.

ते आले होते मुलीच्या शिष्यवृत्तीसाठी. पिशवीतून डिस्चार्ज बुक काढताना त्यासोबत रिलीज मेडिकल बोर्डाची, म्हणजे निवृत्तीच्या वेळी तपासणी करणाऱ्या वैद्यकीय मंडळाच्या अहवालाची, प्रत बाहेर आली. उच्च रक्तदाब, अपंगत्व ३० टक्के, कालावधी आजन्म. आणि खाली शेरा असा की, आजार सेवेमुळे उद्भवलेला नाही व सेवेमुळे वाढलेलाही नाही. या शेऱ्याच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून त्याला ‘नाना’ म्हणतात. नाना लागला की अपंगत्वाचा दावा बहुधा तेथेच फेटाळला जातो.

“यावर अपील नाही केलं?” मी विचारले.

“तुम्हीच नको म्हणालात की, साहेब. २०१२ साली, याच टेबलावर. सेवा पेन्शन चालू आहे, मग दुसरी कशी मिळेल, असं म्हणालात.”

मला तो प्रसंग आठवत नव्हता, पण वाक्य माझेच होते. सैन्यात माझे आयुष्य पगाराच्या कागदांत गेले. पेन्शनचे नियम तेव्हा मला ऐकीवच ठाऊक होते, आणि ते मी ठामपणे सांगत असे.

वास्तविक या दोन रकमा एकमेकींच्या वाटेत येत नाहीत. जवानाने किमान पंधरा वर्षे सेवा केली की त्याला सेवा निवृत्तीवेतन मिळते आणि ते साधारणपणे अखेरच्या वेतनाच्या निम्मे असते. सेवेमुळे जडलेले किंवा सेवेत वाढलेले अपंगत्व किमान २० टक्के असेल, तर त्याचा घटक त्याच्यावर वेगळा मिळतो; शंभर टक्के अपंगत्वाला वेतनाच्या ३० टक्के, आणि कमी असेल तर त्या प्रमाणात. समजा अखेरचे वेतन ३०,००० रुपये होते, तर सेवेचे १५,००० आणि ३० टक्के अपंगत्वाचे २,७०० रुपये. शिवाय ५० टक्क्यांखालचे अपंगत्व ५० टक्के धरण्याची सवलत १९९६ पासून आहे. आधी ती आजारपणामुळे मुदतीपूर्वी घरी पाठवलेल्यांनाच मिळे. १० डिसेंबर २०१४ रोजी राम अवतार प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ती मुदत पूर्ण करून निवृत्त झालेल्यांनाही लागू केली. म्हणजे २,७०० चे ४,५०० होतात. (२१ सप्टेंबर २०२३ पासून नवे नियम आले आहेत, ही हकिगत त्याआधीची आहे.)

शिष्यवृत्तीचा अर्ज बाजूला ठेवून मी पिशवीतला एकेक कागद टेबलावर मांडला. भरतीच्या वेळच्या तपासणीत कोणताही आजार नोंदलेला नव्हता. धरमवीर सिंग प्रकरणातील २०१३ च्या निकालानुसार अशा वेळी आजार सेवेतच उद्भवला असे गृहीत धरले जाते, आणि तसे नसल्याचे सिद्ध करण्याची जबाबदारी जवानावर येत नाही. बोर्डाने मात्र रक्तदाबाची पहिली नोंद पीस स्टेशनवरची, म्हणजे सीमेपासून दूरच्या शांत ठाण्यावरची, धरली होती आणि त्यावरून सेवेशी संबंध नाकारला होता. दुपारी चारच्या सुमारास डिस्चार्ज बुकाच्या प्लास्टिकच्या वेष्टणात घडी घातलेली एक चिठ्ठी सापडली. लडाखमधील फील्ड अँब्युलन्सची, म्हणजे सैन्याच्या फिरत्या वैद्यकीय पथकाची, त्या नोंदीच्या दोन वर्षे आधीची, आणि तिच्यावर वाढलेला रक्तदाब लिहिलेला.

“ही कोणालाच दाखवली नाहीत?”

“मेडिकल कॅटेगरी खाली गेली असती, साहेब. नाईकची फीत जवळ आली होती.”

यावर मी त्यांना काय बोलणार? पदोन्नती अडकेल म्हणून दुखणे लपवणारे जवान मी पलटणीत पुष्कळ पाहिले होते.

उशिरा केलेल्या अपिलाचा उपयोग झाला नाही, म्हणून २०२० मध्ये सशस्त्र दल न्यायाधिकरणाच्या मुंबई खंडपीठाकडे अर्ज केला. निकालाला दीड वर्ष लागले. अपंगत्व सेवेमुळे वाढल्याचे मान्य झाले आणि ३० टक्क्यांचे ५० टक्के धरले गेले. थकबाकी मात्र अर्जापूर्वीच्या तीनच वर्षांची मिळाली; तरसेम सिंग प्रकरणापासून, म्हणजे २००८ पासून, हीच मर्यादा लावली जाते. ते २०११ मध्ये निवृत्त झाले होते. मधल्या सहा वर्षांचे पैसे गेले ते गेलेच.

आदेशाची प्रत देताना हे मी त्यांना आकड्यांसह सांगितले. त्यांनी ऐकून घेतले, प्रत पिशवीत ठेवली आणि ‘स्पर्श’ या पेन्शनच्या ऑनलाइन पोर्टलवर हयातीचा दाखला कसा भरायचा, एवढेच विचारले.

त्या आठवड्यात मी २०१२ पासूनच्या भेटींच्या नोंदवह्या काढल्या. ‘अपंगत्वाबाबत विचारणा, माहिती दिली’ अशी नोंद सात नावांपुढे होती, सगळ्या माझ्याच अक्षरात. पाच जण फोनवर भेटले. उरलेल्या दोघांच्या घरी त्यांच्या पत्नींच्या नावे पत्रे पाठवली आणि सोबत लागणाऱ्या कागदांची यादी जोडली.