पावतीवरची वेळ

डिसेंबरातली सकाळ. हिंगणघाटजवळच्या एका जिनिंगमध्ये कापसाच्या गाड्यांची रांग फाटकाबाहेर डांबरी रस्त्यावर गेली होती आणि आत वजनकाटा बंद. आदल्या रात्री काट्याच्या कॉम्प्युटरवरचं लिनक्स, म्हणजे त्याची ऑपरेटिंग सिस्टिम, मीच नव्या आवृत्तीवर नेलं होतं.

"काऊन हो भाऊ, पहाटपासून उभा हाय मी. कवा सुरू व्हते काटा?" एका ट्रॅक्टरवाल्यानं विचारलं. ट्रॅक्टर भाड्याचा होता. मला उत्तर देता येईना.

आधी काट्याची वायर बदलली. उपयोग नाही, कारण वजन तर स्क्रीनवर बरोबर येत होतं. ‘पावती’ दाबलं की प्रोग्राम बंद पडायचा. तो कधीचा लिहिलेला. लिहिणारा गाव सोडून गेलेला, सोर्स कोड कुणाकडेच नाही.

मशीन सुरू होताना येणाऱ्या बूट मेनूत जुना कर्नेल, म्हणजे लिनक्सचा जुना गाभा, शिल्लक होता. त्यावर मशीन सुरू केली आणि पावती निघाली! तोच प्रोग्राम, तीच डिस्क, बदलला होता फक्त कर्नेल. रांग हलली.

पण त्या कर्नेलला सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळणं बंद झालं होतं आणि कॉम्प्युटर इंटरनेटला जोडलेला. तसंच सोडून जाणं मला पटेना. दुपारी काटेवाला जेवायला गेला तेव्हा नव्या कर्नेलवर प्रोग्राम मुद्दाम पुन्हा पाडला आणि लॉग, म्हणजे मशीननं ठेवलेल्या नोंदी, उघडल्या. ‘व्हीसिस्कॉल’ हा शब्द दिसला आणि सगळं उलगडलं.

पावतीवर वेळ छापायची असते. भरल्या गाडीची वेगळी, रिकाम्या गाडीची वेगळी. जुने ६४-बिट प्रोग्राम ती वेळ कर्नेलच्या एका ठरलेल्या, कधीच न बदलणाऱ्या पत्त्यावर जाऊन विचारत. यालाच व्हीसिस्कॉल म्हणतात. पत्ता कायमचा असल्यानं हल्लेखोरांनाही तो सोयीचा. म्हणून २०११ मध्ये कर्नेलमध्ये तोडगा आला: त्या पत्त्यावर कुणी आलं की कर्नेलनं मध्येच अडवून ते काम स्वतः करून द्यायचं. जुने प्रोग्राम चालत राहिले. पुढे काही डिस्ट्रिब्युशननी, म्हणजे लिनक्सच्या तयार आवृत्त्या देणाऱ्यांनी, मात्र आपापला कर्नेल बांधताना ही सोयही बंद ठेवली. आमचं डिस्ट्रिब्युशन त्यातलंच.

लिनक्स कर्नेल ज्यानं सुरू केला त्या लिनस टॉरवाल्ड्सचा नियम आहे की कर्नेल बदलल्यामुळे लोकांचे चालते प्रोग्राम मोडता कामा नयेत. मोडला, तर चूक कर्नेलची, प्रोग्रामची नाही. हा नियम मी पूर्वी वाचला होता. तो किती खरा आहे, हे त्या रांगेसमोर उभं राहिल्यावर कळलं. पहाटेपासून ताटकळलेल्या माणसाला तुमचा प्रोग्रामच जुना आहे, असं कोणत्या तोंडानं सांगणार?

दुरुस्ती एका ओळीची. कर्नेल सुरू करून देणाऱ्या ग्रब या प्रोग्रामच्या फाइलीत कर्नेलच्या पर्यायांत ‘व्हीसिस्कॉल=एम्युलेट’, म्हणजे ती सोय पुन्हा चालू, असं जोडलं, ग्रब अपडेट केलं, मशीन पुन्हा सुरू केली. नव्या कर्नेलवर पहिली पावती निघाली, तारीख आणि वेळेसकट.

निघताना एका कागदावर ती ओळ लिहिली, खाली मोठ्या अक्षरांत ‘ही काढू नका, पावती बंद पडते’ असं लिहिलं आणि कागद सीपीयूवर चिकटपट्टीनं लावला. बाहेर अजून अकरा गाड्या होत्या.